व्हिडिओ अटकायलाय: अ‍ॅक्सिलरेशन बंद करावं की कोडेक बदलावा?

जुन्या लॅपटॉपवर व्हिडिओ झटके खायला लागला की कुणीतरी हमखास सांगतं, "हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करून टाक, लगेच फरक पडतो." हे अ‍ॅक्सिलरेशन म्हणजे प्रोसेसरचं जड काम ग्राफिक्स चिपकडे सोपवायची ब्राउझरमधली सोय. मलाही असंच सांगितलं होतं. मी बंद केलं आणि सहा महिने खूश होतो. मग परभणीत मे महिना लागला.

पण आधी एक खातरजमा करून घ्या, नाहीतर पुढचं सगळं वाचणं फुकट. मधोमध गोल फिरतो, चित्र आणि आवाज दोन्ही थांबतात, तर दोष नेटचा. त्यावर ब्राउझरमध्ये कितीही बटणं दाबा, काही होत नाही. गोल फिरत नाही, आवाज सुरळीत चालू आहे आणि चित्र मात्र उड्या मारत पुढे सरकतंय, तर व्हिडिओ उलगडण्याचं काम मशीनला झेपत नाहीये. माझ्या भाचीने याचं निदान माझ्याआधी केलं होतं. ती नीटची तयारी करते, फिजिक्सचं लेक्चर लावून बसली होती. म्हणाली, "मामा, सर बोलायलेत पण त्यांचा हात हालंना."

लॅपटॉप कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, सेकंडहँड. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, एसएसडी मी नंतर टाकली. स्क्रीन १३६६ बाय ७६८. माझ्या ओळखीत असे चार-पाच लॅपटॉप तरी आहेत, सगळे लेकरांच्या क्लासेससाठी घेतलेले. तुमचाही याच बिरादरीतला असेल तर तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. एक, अ‍ॅक्सिलरेशन बंद करून सगळा भार प्रोसेसरवर टाकायचा. दोन, ते चालू ठेवून व्हिडिओच अशा कोडेकमध्ये (म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धतीत) मागायचा की जो तुमच्या चिपला मुळातून येतो.

पहिला रस्ता सोपा आहे यात वाद नाही. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, तिथे ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशनचं बटण, बंद, रीलाँच. फायरफॉक्समध्ये जनरलमध्ये परफॉर्मन्सखाली शिफारस केलेल्या सेटिंग्जची खूण काढली की खालचा पर्याय दिसतो. अर्ध्या मिनिटाचं काम. आणि मला फरकही दिसला होता. चित्रावर मधूनच हिरवे चट्टे उमटायचे, ते गेले. मला वाटलं, रोग बरा झाला. नंतर लक्षात आलं की गेला तो दुसराच रोग. चट्टे जुन्या ड्रायव्हरमुळे, म्हणजे ग्राफिक्स चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे, येत होते. अटकण्याचं कारण वेगळं होतं आणि थंडीत ते नुसतं दबून बसलं होतं.

या बटणाबद्दल एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ते फक्त व्हिडिओपुरतं नाही. बंद केलं की पान रंगवणं, स्क्रोल करणं, अ‍ॅनिमेशन हे सगळंही ग्राफिक्स चिपकडून काढून प्रोसेसरच्या डोक्यावर येतं. एका बाजूला लेक्चर, दुसऱ्या बाजूला नोट्सची पीडीएफ ब्राउझरमध्येच उघडलेली, अशी भाचीची बैठक. पीडीएफ वर-खाली केली की लेक्चरला उचकी लागायची.

आणि मग तो मे. पारा बेचाळीसच्या पुढे, दुपारी लाइट गेलेली, कूलर बंद, इन्व्हर्टरवर एक पंखा आणि हा लॅपटॉप. लेक्चर लावल्यावर पाच मिनिटांत आतला फॅन पिठाच्या गिरणीसारखा सुरू व्हायचा. भाची आवाज वाढवायची, स्पीकर फाटायचा, पलीकडच्या खोलीत आडवे झालेले अप्पा उठून बसायचे. तेही चाललं असतं एक वेळ. पण वीसेक मिनिटांनी प्रोसेसर इतका तापायचा की स्वतःला वाचवायला स्वतःचाच वेग खाली आणायचा. ही त्याची सवयच असते, दोष नव्हे. वेग खाली आला की सरांचा हात पुन्हा हालंना. म्हणजे जानेवारीत जे लेक्चर शेवटपर्यंत चाललं, तेच मे महिन्यात डेरिव्हेशनच्या ऐन मध्यावर आवाज पुढे आणि खडू मागे. अप्पांनी एकदा वैतागून स्वयंपाकघरातून पोळपाट आणलं आणि लॅपटॉपखाली सरकवलं. खालून हवा खेळली, दहा मिनिटं जास्त मिळाली. संध्याकाळी पोळ्यांच्या वेळी घरात वेगळाच वाद झाला.

याच त्राग्यापोटी मी दुसऱ्या रस्त्याला लागलो.

मागचं कारण थोडक्यात असं. यूट्यूब एकच व्हिडिओ दोन-तीन कोडेकमध्ये तयार ठेवतं. एच.२६४ हा २००३चा जुना गडी, व्हीपी९ २०१३चा, एव्ही१ २०१८चा. माझ्या चौथ्या पिढीच्या चिपमध्ये एच.२६४ उलगडायला खास सर्किट आहे. व्हीपी९साठी पूर्ण वाहिलेलं सर्किट इंटेलने सातव्या पिढीपासून दिलं आणि एव्ही१साठी अकराव्यापासून. ब्राउझर म्हणतो, मला व्हीपी९ चालतो. साइट व्हीपी९ पाठवते. आणि तो उलगडायला बिचारा प्रोसेसर एकटाच. अ‍ॅक्सिलरेशन चालू असो नाहीतर बंद, माझ्या मशीनवर भार त्याच्यावरच होता. म्हणून ते बटण दाबून मूळ दुखण्याला काही होणार नव्हतं.

तुमच्याकडे कोणता कोडेक येतोय हे पाहायला व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. कोडेक्सच्या ओळीत व्हीपी०९, एव्ही०१ किंवा एव्हीसी१ यांपैकी काहीतरी दिसेल. एव्हीसी१ म्हणजे एच.२६४. तिथेच ड्रॉप्ड फ्रेम्सचा, म्हणजे दाखवायच्या राहून गेलेल्या चित्रांचा, आकडा असतो. माझ्याकडे तो रिक्षाच्या मीटरसारखा पळायचा.

मी केलं ते इतकंच: आधी ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा टाकला, अ‍ॅक्सिलरेशन परत चालू केलं आणि एच२६४इफाय नावाचं छोटं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचं पुरवणी सॉफ्टवेअर) घातलं. ते साइटला सांगतं की या घरात फक्त एच.२६४ चालतो. त्यातच सेकंदाला ६० फ्रेम्सचे व्हिडिओ अडवायचीही सोय आहे, तीही मी चालू ठेवली. फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाला ३० पुरेशा होतात. मग टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, तिथे जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स चिप, उघडून बसलो. ‘व्हिडिओ डीकोड’ची रेघ आजवर जमिनीला चिकटून होती, ती पहिल्यांदा उठली. आणि छताला टेकलेली सीपीयूची, म्हणजे प्रोसेसरची, रेघ कमरेच्या खाली आली. मी काही काटेकोर मोजमाप केलेलं नाही. पण त्या दुपारी लेक्चर चालू असताना मला भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं, माझ्यासाठी तेवढं बस्स होतं.

हा रस्ता फुकट नाही, तेही सांगायला हवं. त्याच दर्जाच्या चित्राला एच.२६४ जास्त डेटा खातो. घरात फायबर असेल तर विषय संपला. पण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवसाचं दीड जीबीचं पॅक असेल तर ते संध्याकाळच्या आधीच बोंबलतं. आमच्याकडे ते दोन-तीनदा झालं. त्यावर उपाय म्हणून थिअरीचं लेक्चर ४८०वर आणि बारीक आकृत्यांचं ७२०वर असा नियम भाचीनेच केला. शिवाय एच.२६४ मध्ये १०८०पीच्या वरचं चित्र सहसा मिळत नाही. माझ्या ७६८ ओळींच्या स्क्रीनला त्याचं सुतक नाही. तुमच्याकडे मोठा मॉनिटर असेल तर असू शकेल.

मशीन थोडं नवं असेल तर हिशेब बदलतो. सातव्या ते दहाव्या पिढीवर व्हीपी९ अडवून उगाच डेटा घालवू नका, फक्त एव्ही१ अडवला की पुरे. फायरफॉक्समध्ये त्यासाठी एक्स्टेन्शनही लागत नाही, कॉन्फिगच्या पानावर (about:config) एव्ही१ची नोंद ‘फॉल्स’ करायची. अकराव्या पिढीपासून पुढे यातलं काहीच करू नका. तिथे व्हिडिओ अटकत असेल तर ड्रायव्हर पाहा, बॅटरी सेव्हर पाहा, नाहीतर फॅनमधली धूळ पाहा. आपल्याकडची धूळ म्हणजे काय ते सांगायला नको. मी फॅन उघडून घेतला तेव्हा आतून कापसाच्या पेळूसारखी गादी निघाली होती.

अ‍ॅक्सिलरेशन बंद करणं अगदीच टाकाऊ आहे असं माझं म्हणणं नाही. ड्रायव्हर इतका जुना असेल की नवा मिळतच नाही आणि चित्र हिरवं-जांभळं होतंय, तर दुसरा इलाज नाही. दोष ड्रायव्हरचा आहे की नाही हे ओळखायलाही पाच मिनिटांपुरतं बंद करून बघणं बरं पडतं. वर्षातले आठ महिने थंडगार राहणाऱ्या गावात मी असतो, तर कदाचित मीही तिथेच थांबलो असतो. ज्याला एक्स्टेन्शन वगैरे भानगड नको, त्याने ते करावं आणि व्हिडिओ ४८०वर ठेवावा. त्या पायरीला ६० फ्रेम्सही नसतात, तेवढा भार आपोआप कमी होतो.

भाचीच्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवर मागच्या आठवड्यात एच.२६४चंच करून दिलं, तिचा पाचव्या पिढीचा. निघताना तिच्या आईने विचारलं, "भाऊ, पैसे किती झाले?" म्हटलं, काही नाही ताई, फक्त डेटाचं पॅक तेवढं मोठं घ्या. पोळपाट आमच्या स्वयंपाकघरात परत गेलंय.