दहावीची भूमिती: राज्य मंडळ की सीबीएसई?

आठवी-नववीच्या उंबरठ्यावर मंडळ बदलावे की नाही, हा प्रश्न पडलेल्या पालकांसाठी हे लिहीत आहे. शुल्क, भाषा, शाळेचे अंतर या गोष्टी प्रत्येकाने आपापल्या परीने तोललेल्याच असतात. मी फक्त भूमितीत काय अपेक्षिले जाते आणि गुण कशाला मिळतात, एवढ्यापुरतेच बोलणार आहे. आमच्या थोरल्या मुलीची दहावी सीबीएसईतून झाली आणि धाकट्याला आठवीनंतर राज्य मंडळाच्या शाळेत घातले, त्यामुळे दोन्हीकडच्या वह्या घरात पाहायला मिळाल्या.

राज्य मंडळात भूमितीची ४० गुणांची, दोन तासांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते, तर सीबीएसईत गणिताची एकच ८० गुणांची पत्रिका आणि तीत ‘भूमिती’ या घटकाला अवघे १५ गुण. हे आकडे शेजारी ठेवून लोक लगेच निष्कर्ष काढतात, पण तो फसवा आहे. राज्य मंडळाच्या भूमितीत निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती आणि महत्त्वमापनही येते. सीबीएसईतले त्याच विषयांचे ६, १२ आणि १० गुण त्या १५ गुणांत मिळवले तर बेरीज ४३ होते. म्हणजे गुणांच्या वजनात फारसा फरक नाही. फरक आहे तो त्या गुणांसाठी मुलाला काय करावे लागते, यात.

राज्य मंडळाच्या वर्तुळाच्या प्रकरणात आंतरलिखित कोन, चक्रीय चौकोन, स्पर्शिका-छेदिका असा मोठा पसारा आहे. सीबीएसईच्या दहावीत वर्तुळावरची प्रमेये दोनच, दोन्ही स्पर्शिकांची. आंतरलिखित कोन आणि चक्रीय चौकोन नववीत उरकलेले असतात. समरूप त्रिकोणांची क्षेत्रफळे, पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता आणि भौमितिक रचना हे सगळे सीबीएसईच्या दहावीतून वगळले गेले आहे, राज्य मंडळात ते अजून आहे. धाकट्याच्या दप्तरात कंपासपेटी रोज असते. थोरलीची दहावीच्या वर्षी कपाटातच राहिली.

माझ्यापुरता निकाल मात्र एका वेगळ्याच गोष्टीने लागला. सीबीएसईच्या पत्रिकेत ८० पैकी २० गुण एकेका गुणाच्या वस्तुनिष्ठ प्रश्नांचे असतात. मुलीच्या सराव परीक्षेत असाच एक प्रश्न होता: वर्तुळाबाहेरील प बिंदूतून पअ आणि पब या स्पर्शिका काढल्या, त्यांमधील कोन ५०°, वर्तुळाचे केंद्र क, तर कोन कअब किती? तिने २५° वर खूण केली आणि गुण मिळवला. कसे काढलेस, असे विचारल्यावर म्हणाली, ‘अर्धा असणार, आकृतीत तसाच दिसतो.’ तो खरोखरच नेहमी अर्धाच असतो, पण का, हे तिला सांगता येईना. दोन्ही स्पर्शिकाखंड समान, म्हणून पाया-कोन ६५°; स्पर्शिका त्रिज्येला लंब, म्हणून ९०° वजा ६५°: एवढ्या दोन पायऱ्या, आणि सारी भूमिती त्या दोन पायऱ्यांतच आहे. तपासणाऱ्याला त्या दिसण्याची सोयच नव्हती, आणि पूर्ण गुण मिळाल्यावर त्या शिकून घेण्याची गरज मुलीलाही वाटली नाही. वर्षभर हे असेच चालले आणि मला ते दिवसेंदिवस जास्त खटकत गेले.

राज्य मंडळाच्या भूमितीतही बहुपर्यायी प्रश्न आहेत, पण ४० पैकी ४ गुणांचेच. सिद्धतेच्या प्रश्नांत पक्ष, साध्य, सिद्धता आणि प्रत्येक विधानासमोर कंसात कारण. धाकट्याने सुरुवातीला कारणे गाळली तेव्हा त्याचे उत्तर बरोबर असूनही शिक्षकांनी गुण कापले. तो चिडला, पण महिन्या-दोन महिन्यांत ‘कोको कसोटी’ (दोन कोन समान म्हणून त्रिकोण समरूप), ‘व्युत्क्रम कोन’ अशी कारणे त्याच्या हातातून आपसूक उमटू लागली.

सीबीएसईत सिद्धता विचारतच नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रमाणाचे मूलभूत प्रमेय तिथेही सिद्ध करावे लागते आणि पायरीनिहाय गुणही मिळतात. उलट राज्य मंडळाचे ‘कृती’ प्रश्न मला मुळीच पटत नाहीत. सिद्धता अर्धी छापून दिलेली असते आणि मुलाने फक्त चौकटी भरायच्या. असे ७ गुण निघतात. शिवाय ठरावीक प्रमेये घोकून लिहिणारी मुले तिथे सहज तरून जातात, हेही खरे. तरीही, न समजता घोकलेल्या सिद्धतेत निदान कारणांचा क्रम तरी कागदावर येतो, असे मला आपले वाटते. अंतर्गत २० गुणांवर शब्द खर्च करण्यात अर्थ नाही; माझ्या पाहण्यात ते दोन्हीकडे सढळ हातानेच मिळतात.

ज्यांची नोकरी बदलीची आहे, किंवा ज्यांचे लक्ष आतापासूनच जेईईकडे आहे, त्यांना सीबीएसई सोयीची वाटणे स्वाभाविक आहे. गणिताची धास्ती घेतलेल्या मुलाला तिथे ‘बेसिक’ पत्रिकेचा पर्यायही आहे, पण पुढे गणित घ्यायचे असेल तर ‘स्टँडर्ड’च घ्यावे. मुलाला अकरावीत विज्ञान घ्यायचे आहे पण घाई नाही, अशा घरांनी मात्र राज्य मंडळाचा विचार जरूर करावा.

बदल करायचाच असेल तर नववीच्या सुरुवातीला करावा, दहावीच्या तोंडावर नको. भूमितीचे स्वतंत्र पुस्तक नववीपासूनच सुरू होते आणि समांतर रेषा, त्रिकोण, चौकोन यांच्या सिद्धता लिहिण्याची सवय त्याच वर्षी लागते. इंग्रजी माध्यमातून येणाऱ्या मुलाला संज्ञांची अडचण वाटत असेल तर सेमी इंग्रजीची तुकडी पाहावी. तिथे गणिताचे पुस्तक इंग्रजीतच असते. प्रवेशापूर्वी शाळेत जाऊन नववीच्या एखाद्या मुलाची तपासलेली भूमितीची वही मात्र मागून पाहावी, आणि कंसातल्या कारणांवर शिक्षकांच्या लाल खुणा आहेत की नुसत्याच शेवटी सह्या, हे बघावे.