गार्मिन इनरीच मिनी २ : बटणापेक्षा ठिपक्यांसाठी घ्या

पत्त्यांच्या कॅटएवढं, १०० ग्रॅम वजनाचं, मोबाइलची रेंज नसेल तिथे उपग्रहामार्फत संदेश पाठवणारं हे यंत्र बहुतेक जण एसओएस, म्हणजे संकटात मदत मागायच्या, बटणासाठी घेतात. बटण चांगलंच आहे, पण पैसे वसूल होतात ते ट्रॅकिंगमुळे, म्हणजे आपलं ठिकाण ठरावीक वेळाने आपोआप घरच्यांना कळवण्यामुळे. का, ते पनामातल्या एका प्रकरणावरून कळतं.

१ एप्रिल २०१४ ला क्रिस क्रेमर्स (२१) आणि लिसान फ्रून (२२) या डच मुली बोकेते गावाजवळच्या एल पियानिस्ता या पायवाटेने डोंगर चढल्या. दुपारी एकच्या सुमाराला माथ्यावर काढलेले फोटो आहेत. तिथून मागे न फिरता त्या पलीकडच्या, कॅरिबियन बाजूच्या जंगलात उतरल्या. दोनच्या आसपास ओढ्यापाशी शेवटचा दिवसाउजेडीचा फोटो, आणि ४ वाजून ३९ मिनिटांनी ११२ ला पहिला फोन. रेंज नव्हती, फोन लागला नाही. पुढे कित्येक दिवस त्या फोन चालू करत राहिल्या. ८ एप्रिलच्या मध्यरात्रीनंतर काळोखात फ्लॅश टाकून काढलेले नव्वदेक फोटो आहेत. आयफोन ११ एप्रिलला शेवटचा चालू झाला. जूनमध्ये नदीकाठी बॅग सापडली, मग थोडे अवशेष. अपघात की घातपात, याचं सर्वांना पटेल असं उत्तर आजही नाही.

ओढ्यानंतर त्या कुठल्या दिशेने गेल्या, हेच शोधणाऱ्यांना माहीत नव्हतं. मिनी २ ट्रॅकिंगवर असेल तर दर दहा मिनिटांनी एक ठिपका घरच्यांच्या नकाशावर उमटतो. पडून बेशुद्ध झालात, यंत्र हरवलं, कोणी हिसकावलं, तरी आधीचे ठिपके राहतात. बटण मात्र दाबणारा शुद्धीवर लागतो. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन यंत्र चालू होताच ट्रॅकिंग आपोआप सुरू होईल असं करून ठेवा. ‘वर गेल्यावर लावू’ म्हणणारे विसरतात. कंपनीच्या आकड्यानुसार उघड्या आकाशाखाली दहा मिनिटांच्या अंतराने बॅटरी १४ दिवस पुरते. दाट झाडीत यंत्र सारखं उपग्रह शोधत राहतं, त्यामुळे तेवढी धरून चालू नका.

संदेश इरिडियम कंपनीच्या ६६ उपग्रहांमार्फत जातात. ते सुमारे ७८० किलोमीटरवरून वेगाने सरकतात, एक उपग्रह डोक्यावरून काही मिनिटांत निघून जातो आणि दुसरा येतो. माळावर म्हणूनच अडचण येत नाही. घळीत मात्र आकाशाची अरुंद पट्टीच दिसते. त्या पट्टीत उपग्रह येईपर्यंत संदेश अडकतो. यंत्र स्वतःच पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. अशा वेळी ते हातात धरून हिंडू नका. अँटेना वर करून मोकळ्या दगडावर ठेवा आणि थांबा.

यंत्र बॅगेच्या आत, पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवणं ही सर्रास होणारी चूक. चालताना खांद्याच्या पट्ट्यावर वरच्या बाजूला अडकवा. पण पनामात बॅग आणि माणसं वेगळी झाली होती, हे विसरू नका: ओढा ओलांडताना किंवा बॅग खाली ठेवताना यंत्र काढून कपड्यांना लावा. पाण्याला ते दाद देत नाही, आयपीएक्स७ (पाण्यापासून बचावाचा दर्जा) आहे.

एसओएससाठी बाजूचं झाकण उघडून बटण दाबून धरायचं. फोन जोडलेला लागत नाही, पासवर्डही नाही. ही छोटी गोष्ट नाही: त्या आयफोनवर ५ एप्रिलनंतर बरोबर पिन एकदाही टाकला गेला नाही. दाबल्यावर पहिली दहा मिनिटं दर मिनिटाला ठिकाण जातं, मग बॅटरी वाचवण्यासाठी अंतर वाढतं. समोरून मदत केंद्रातला माणूस संदेश पाठवून विचारतो: जखम कसली, किती जण. उत्तर देता येतं, हा या यंत्राचा मोठा गुण. साधा पीएलबी (फक्त संकटाचा इशारा पाठवणारं यंत्र) वर्गणीशिवाय चालतो, पण एकतर्फी.

उणिवा? स्क्रीन एवढीशी, यंत्रावरूनच संदेश टाइप करणं म्हणजे शिक्षा. फोनच्या ॲपवरून लिहा, १६० अक्षरांत. या यंत्राला वर्गणी भरावी लागते, ती संपली की यंत्र निव्वळ वजन, एसओएससुद्धा बंद. आणि वर्गणीत मदत बोलावण्याचा समन्वय येतो, हेलिकॉप्टरचं बिल नाही. त्याचा विमा वेगळा काढा.

आता आपल्याकडची अडचण. भारतात परवान्याशिवाय हे यंत्र बाळगणं गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर एका कॅनेडियन धावपटू महिलेला याच कारणाने अडवण्यात आलं आणि कायदेशीर कारवाईला तोंड द्यावं लागलं. तेव्हा पुण्या-मुंबईहून निघताना हे बॅगेत नको. जिथे कायद्याने चालतं अशा देशात उतरल्यावर भाड्याने किंवा विकत घ्या (अमेरिकेत बाजारात आलं तेव्हा सुमारे ४०० डॉलर), तिथेच नोंदणी करून एक चाचणी संदेश घरी पाठवा. परतताना यंत्र तिथल्याच नातेवाइकाकडे ठेवा किंवा विकून टाका. येताना कस्टममध्ये सापडलं तरी तोच गुन्हा.

घरच्यांना नकाशाच्या दुव्यासोबत एक वेळ लिहून द्या: ‘संध्याकाळी सातपर्यंत पोहोचल्याचा संदेश नाही आला, तर शेवटचा ठिपका घेऊन या नंबरवर फोन करा.’ एखादा ठिपका चुकला म्हणून घाबरायचं नाही, तेही त्यातच लिहा. नंबर त्या देशातल्या बचाव पथकाचा असू द्या, आपल्या हॉटेलचा नको.