एव्हरग्रीनचं स्टायरीन: अंतराळयान शून्यातून घडवताना काय घ्यावं, काय टाळावं

तयार किट न जोडता आराखड्यावरून अंतराळयानाचं अख्खं मॉडेल घडवायचं ठरलं की एव्हरग्रीन कंपनीच्या पांढऱ्या स्टायरीनचं, म्हणजे मॉडेलसाठीच्या प्लॅस्टिकचं, नाव हमखास पुढे येतं. ते यायलाच हवं, पण सरसकट सगळ्या कामासाठी नाही. पट्ट्या, नळ्या आणि पातळ शीट याच कंपनीची घ्यावी. सांगाडा मात्र दुसऱ्या, मोठ्या शीटमधून कापावा.

अडचण शीटच्या मापाची आहे. नेहमीचं शीट ६ बाय १२ इंचांचं, म्हणजे साधारण १५ बाय ३० सेंटिमीटर. १२० मीटर लांबीचं अंतराळजहाज १:३५० प्रमाणात ३४३ मिलिमीटर होतं आणि या शीटचा कर्णसुद्धा ३४१ मिलिमीटरच भरतो. म्हणजे कणा एकसंध निघत नाही, सांधा द्यावाच लागतो. सांधा देणारच असाल तर कणा तीन थरांचा करा आणि प्रत्येक थराचा सांधा शेजारच्या थरापासून निदान ४० मिमी सरकवा. तिन्ही सांधे एका रेषेत आले तर कणा नेमका तिथेच वाकतो आणि मग वरचं सगळं कवच पिळतं. तामिया या दुसऱ्या कंपनीचं बी४ मापाचं शीट ३६४ बाय २५७ मिमीचं असतं. त्यातून हाच कणा एका तुकड्यात निघतो, म्हणून सांगाड्याला ते बरं.

दुसरी गोष्ट जाडीची. पाकिटावर मिलिमीटर छापलेले असले तरी मूळ माप इंचाच्या हजाराव्या भागात आहे. १.५ मिमी म्हटलेलं शीट प्रत्यक्षात १.५२ असतं. एका थराला फरक जाणवत नाही, पण पाच थर चढवले की ७.५ ऐवजी ७.६२ मिमी होतात आणि आधी कापून ठेवलेलं झाकण बसत नाही. तुकडे एकमेकांत बसवायच्या खाचांची रुंदी म्हणूनच आराखड्यावरून घेऊ नये. त्याच शीटचा उरलेला तुकडा उभा धरून त्याच्या दोन्ही कडांना सुरीने खूण करावी. याची जमेची बाजूही मोठी आहे: एकाच जाडीच्या दोन पाकिटांत फरक जवळजवळ सापडत नाही. शेकडो सारखे तुकडे लावायच्या कामात हा गुण सोन्यासारखा आहे.

कापायला सोपं. १ मिमी शीटवर पोलादी पट्टी धरून सुरी तीन-चार वेळा हलक्या हाताने फिरवा आणि रेषेवर वाकवा, कटकन तुटतं. एकाच फटक्यात खोल कापायला गेलात तर सुरी भरकटते आणि कडेला उंचवटा उठतो. तो खरवडून काढला नाही तर सांधा कधीच बंद बसत नाही.

चिकटवायला पातळ सॉल्व्हंट सिमेंट, म्हणजे प्लॅस्टिक विरघळवून जोडणारा द्राव, हवं. दोन तुकडे आधी एकमेकांना टेकवायचे आणि ब्रशचं टोक सांध्याला लावायचं, द्राव आपोआप आत ओढला जातो. बिघडतं ते इथेच. कवचावर लावायच्या ०.२५ मिमीच्या पॅनेलच्या पाठीला भरपूर सिमेंट लावलं तर ते विरघळून सुरकुततं. पॅनेल कोरडं ठेवून कडेला दोन ठिकाणी थेंब टेकवला की पुरतं. मोठे थर एकमेकांवर चिकटवताना वाफ मध्ये अडकते आणि कित्येक दिवसांनी पृष्ठभाग फुगतो किंवा खचतो. म्हणून आतल्या थराला दर २० मिमीवर भोक पाडा. सांगाड्यातल्या प्रत्येक आडव्या भिंतीला ३ मिमीचं भोक ठेवा आणि वाफेला जहाजाबाहेर पडायला इंजिनाच्या मागून एक वाट द्या. कवच ०.५ मिमीचं असेल तर आडव्या भिंतींमधलं अंतर २५ ते ३० मिमीपेक्षा जास्त नको. नाहीतर रंग चढल्यावर भिंती बरगड्यांसारख्या दिसू लागतात.

आता पट्ट्या, आणि इथे या कंपनीला तोड नाही. ३५ सेंटिमीटर लांब, ०.२५ बाय ०.५ मिमीपासून पुढे, चौकोनी, अर्धगोल, पावगोल, इंग्रजी आय अक्षराच्या आणि पन्हळीच्या आकारात. हाताने शीटमधून इतकी बारीक पट्टी कापली तर ती गोल वळते आणि रुंदी बदलत जाते. यांची पट्टी सरळ येते. १:३५० वर ०.२५ मिमी म्हणजे प्रत्यक्षात जवळपास ९ सेंटिमीटर. नळाचे जाळे, केबलची खोबणी, दुरुस्तीच्या झडपांच्या चौकटी अशा कामांना ती नेमकी बसते. पॅनेलसाठी मात्र याच प्रमाणात ०.१३ मिमीचं शीट अधिक खरं वाटतं, ०.२५ चं चिलखतासारखं जाड दिसतं. हा फरक लहान वाटेल, पण जहाज मोठं भासणार की खेळणं, हे त्यावरच ठरतं.

नळ्या एकीत एक सरकतात: ४.८ मिमीची ५.६ मध्ये, ती ६.३ मध्ये. इंजिनाची नोझल, म्हणजे मागचं तोंड, याच पद्धतीने पायरीपायरीने बांधता येते. कापताना आत लहान नळी घालून ठेवा आणि सुरीखाली नळी गोल फिरवा. नुसती दाबली तर तोंड लंबगोल होतं. चिकटवताना आधी आतली नळी जागेवर बसवा, मगच सिमेंट लावा. आधी लावलंत तर ती अर्ध्या वाटेत अडकते आणि परत निघत नाही.

मॉडेलमधल्या घरांच्या भिंतींसाठी असलेली खाचांची शीटही उष्णता बाहेर टाकणाऱ्या पंखांना चालतात, पण तुकडे लहान ठेवा. हाताएवढा सलग तुकडा लावला की तो भिंतच वाटतो.

जहाजाला दिवे बसवणार असाल तर पांढऱ्या स्टायरीनचा एक दोष आधीच लक्षात घ्या: त्यातून उजेड आरपार येतो. ०.५ मिमीच्या कवचामागे एलईडी लावला तर खिडक्यांबरोबर सगळी बाजू दुधाळ उजळते. कवच बंद करण्याआधी आतून काळ्या रंगाचे दोन हात, त्यावर एक पांढरा हात द्या. चिकटवायच्या कडांवर रंग जाऊ देऊ नका, सिमेंट रंगावर धरत नाही. मग अंधारात दिवा पेटवून प्रत्येक सांधा तपासा. झिरपणारी फट या टप्प्यावर काळ्या रंगाच्या एका थेंबाने बुजते. कवच बंद झाल्यावर तिच्यापर्यंत हात पोचत नाही.