टर्मिनलवरून व्हर्च्युअल मशीनची सेटिंग: व्हीबॉक्समॅनेज की व्हर्श?

लॅपटॉपवर विंडोज असेल तर फार विचार करायला नको. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने चालणारा दुसरा कॉम्प्युटर, बनवायला व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर घ्या आणि त्याचं कमांड-साधन व्हीबॉक्समॅनेज शिका. व्हर्श हे लिबव्हर्टचं, म्हणजे व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या दुसऱ्या एका सॉफ्टवेअरचं, कमांड-साधन आहे. ते सहसा ज्या केव्हीएमवर मशीन चालवतं, ते २००७ पासून लिनक्स कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचाच, भाग आहे. पेच पडतो तो लिनक्सवाल्यांना, कारण तिथे दोन्ही चालतात.

मी दोन्ही वापरतो. सुविधांच्या याद्या पडताळण्याआधी मी एकच गोष्ट बघेन: बदललेली सेटिंग कुठे जाऊन बसते? चालू मशीनमध्ये, की साठवलेल्या फाइलमध्ये?

व्हीबॉक्समॅनेज इथे कडक आहे. त्याची मॉडिफायव्हीएम ही कमांड मशीन पूर्ण बंद असेल तरच चालते. नुसतं ‘सेव्ह’ करून थांबवलेलं मशीनही तिला चालत नाही, आणि नवे लोक नेमके इथेच अडतात. चालू मशीनसाठी कंट्रोलव्हीएम वेगळी आहे. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं कनेक्शन मशीनकडे वळवणं), नेटवर्कची केबल जोडणं-काढणं, सीपीयूच्या वापरावर टक्क्यांची मर्यादा, अशी मोजकीच कामं तिच्याकडे. शिकणाऱ्याला हा कडकपणा फायद्याचाच: कुठली कमांड दिली यावरूनच बंद मशीन बदलतोय की चालू, ते कळतं. मेमरी एमबीत द्यायची, ४०९६ म्हणजे ४ जीबी. सरळ हिशेब.

व्हर्शमध्ये एकाच कमांडला लाइव्ह आणि कॉन्फिग असे दोन फ्लॅग (कमांडपुढे लिहायचे पर्याय) लावता येतात. लाइव्ह म्हणजे आत्ता, कॉन्फिग म्हणजे पुढच्या वेळी मशीन सुरू होईल तेव्हापासून. दोन्ही एकत्रही देता येतात. मेमरी बदलणाऱ्या सेटमेमला किंवा सीपीयूंची संख्या बदलणाऱ्या सेटव्हीसीपीयूजला यातला कुठलाच फ्लॅग दिला नाही, तर चालू मशीनमध्ये बदल होतो आणि मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं की तो पुसला जातो. ‘काल तर सीपीयू वाढवले होते’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. म्हणून मी फ्लॅग न लिहिता एंटर दाबत नाही.

याहून घातक सापळा एककाचा आहे. सेटमेमला नुसता आकडा दिला तर व्हर्श तो केबीत धरतं. व्हीबॉक्समॅनेजच्या सवयीने २०४८ लिहिलंत, तर २ जीबी नाही, २ एमबी मागितलेत! आत बलून ड्रायव्हर (चालू मशीनची मेमरी कमी-जास्त करू देणारा) असेल तर चालू मशीनची मेमरी खेचली जाते आणि ते गुदमरतं. आकड्यापुढे जी लावा, २जी असं. शब्दांचंही तसंच: व्हर्शमधलं डिस्ट्रॉय मशीन पुसत नाही, फक्त प्लग उपटल्यासारखं बंद करतं. मशीनची नोंद काढते ती अनडिफाइन.

तरीही सर्व्हरसाठी माझं मत ठामपणे व्हर्शच्या बाजूने आहे. व्हर्श एडिट म्हटलं की मशीनची सगळी एक्सएमएल व्याख्या (सेटिंगची मजकूर-फाइल) एडिटरमध्ये उघडते आणि सेव्ह करताना तपासलीही जाते. डम्पएक्सएमएलने तीच व्याख्या काढून गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) ठेवता येते. एसएसएच या सुरक्षित जोडणीवरून दुसऱ्या सर्व्हरवरची मशीनंही व्हर्शनेच हाताळता येतात. सुरुवातीला एवढंच सांभाळा की साध्या युजरला व्हर्श बहुधा ‘सेशन’ला, म्हणजे त्याच्या स्वतःच्या मशीनांना, जोडतं, आणि रूटने (मुख्य अ‍ॅडमिन खात्याने) बनवलेली मशीनं ‘सिस्टिम’मध्ये असतात. यादी रिकामी दिसली तर घाबरू नका, कनेक्शन तपासा.

ऑफिसात व्हर्च्युअलबॉक्स घेणार असाल तर एक्स्टेंशन पॅकचं (जादा सुविधांच्या वेगळ्या पॅकेजचं) लायसन्स आधी वाचा. मूळ पॅकेज मुक्त आहे, पण हा पॅक व्यावसायिक वापरासाठी फुकट नाही.

आणि दोन्ही एकाच लिनक्स कॉम्प्युटरवर टाकून एकाच वेळी चालवायचा बेत असेल, तर तो सोडा. प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशन सुविधा केव्हीएमने धरून ठेवली असेल, तर व्हर्च्युअलबॉक्सचं मशीन बऱ्याचदा एरर देऊन सुरूच होत नाही.