नवी पेठेतलं मॉनिटर दुरुस्तीचं दुकान : पॅनल शाबूत होतं

मी जुळे सोलापुरात घरातूनच लग्नपत्रिकांचं डीटीपी, म्हणजे संगणकावर मजकूर मांडायचं काम करते. डोळ्यांना आराम पडावा म्हणून जुन्या लॅपटॉपला भाच्याने दिलेला २४ इंची मॉनिटर जोडला आणि त्रास उलट वाढला. ‘प’ आणि ‘ष’ वेगळे ओळखू येईनात, अनुस्वार पुसल्यासारखे दिसायचे. पत्रिकेत नवरदेवाच्या आजोबांचं नाव चुकलं तर ते घर कधी विसरत नाही. म्हणून महिनाभर प्रत्येक प्रूफ छापून तपासत होते.

एका दुकानात पाच मिनिटांत सांगितलं, “पॅनल गेलंय, म्हणजे पडदाच; नवीनच घ्या.” मन मानेना. मॉनिटर चादरीत गुंडाळून रिक्षाने नवी पेठेत गेले. तिथे गल्लीत, जिना चढून वर, एका काकांचं छोटं दुकान आहे.

काकांनी आधी मॉनिटरच्या खालचं बटण दाबून त्याचाच मेनू उघडला. त्यातली अक्षरं काचेसारखी स्वच्छ! “ताई, पॅनल खराब असतं तर हीसुद्धा फुटकी दिसली असती.” मग त्याच मेनूत लॅपटॉपकडून येणारं रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातले आडवे-उभे ठिपके, दाखवलं : १३६६ बाय ७६८. मॉनिटर मात्र १९२० बाय १०८०चा. मी दोन्हीकडे एकच चित्र ठेवलं होतं, त्यामुळे लॅपटॉपचं छोटं चित्र मोठ्या पडद्यावर ताणलं जात होतं. विंडोजची कळ आणि पी दाबून ‘एक्स्टेंड’ केलं, म्हणजे दोन्ही पडदे वेगळे केले, मॉनिटरला १९२० बाय १०८० निवडलं. निम्मं काम तिथेच झालं.

उरलेली बारीक थरथर मध्ये लावलेल्या व्हीजीए कन्व्हर्टरची, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जोडणीसाठीच्या डबीची होती. तो काढून सरळ एचडीएमआय केबल लावली. तरीही मी पत्रिका मांडते तो पेजमेकर हा जुना प्रोग्राम धूसरच, बाकी सगळं छान. इथे काकांनी अर्धा तास दिला, आणि मला सगळ्यात जास्त कौतुक याचंच आहे. विंडोजचं स्केलिंग, म्हणजे सगळं मोठं करून दाखवायचं प्रमाण, १२५ टक्के होतं. जुन्या प्रोग्रामला ते जमत नाही, मग विंडोज त्याचं चित्र फुगवून दाखवतं. त्या प्रोग्रामच्या प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटीत जाऊन हाय डीपीआय स्केलिंग ‘ॲप्लिकेशन’वर ठेवलं. मेनू थोडे बारीक झाले, पण श्रीलिपीच्या मराठी अक्षरांतला रफार स्पष्ट दिसायला लागला.

तपासणीचे २०० आणि केबलचे ३०० रुपये घेतले. नवीन मॉनिटर विकायची संधी समोर असताना त्यांनी तो विषयसुद्धा काढला नाही. कुठलं बटण कुठे, हे माझ्याच वहीत माझ्याकडून लिहून घेतलं.

पाटी लहान आहे, गाडी लावायला जागा नाही, आणि दुपारी दुकान बंद असतं. मी एकदा उन्हात परत आले होते. जाताना लॅपटॉप आणि केबल दोन्ही सोबत न्या. नुसता मॉनिटर घेऊन आलेल्या एकांना काकांनी माझ्यासमोरच लॅपटॉप आणायला परत पाठवलं.