फ्लॅश उडतो, पण ट्रिगर खोटा: ८,४६९ रुपयांना लागलेला चुना

आधी रक्कम सांगतो, म्हणजे कुणाला हा किरकोळ प्रकार वाटायला नको. दूर ठेवलेला फ्लॅश रेडिओने चमकवणारा (आमच्या भाषेत ‘उडवणारा’) ट्रिगर, म्हणजे कॅमेऱ्यावरचा ट्रान्समीटर आणि फ्लॅशला लावायचे दोन रिसीव्हर, असा संच ऑनलाइन घेतला: ७,४५० रुपये. पाठवणावळ १८०. ‘वाढीव वॉरंटी’च्या नावाखाली ४९९. माल परत पाठवायचं कुरियर ३४०, आणि तो माल न उघडता तसाच माझ्याकडे परत आला. एकूण ८,४६९ रुपये. त्यातला एक रुपयाही अजून मिळालेला नाही.

जाहिरातीत लिहिलं होतं: २.४ गिगाहर्ट्झ, टीटीएल (कॅमेरा उजेड मोजून फ्लॅशचा जोर आपोआप ठरवतो), हायस्पीड सिंक (अतिवेगवान शटरलाही फ्लॅश चालतो), ३२ चॅनेल. हातात पडला तो ४३३ मेगाहर्ट्झचा साधा, फ्लॅश नुसता उडवणारा ट्रिगर, नव्या चकचकीत कवचात बसवलेला. साधा ट्रिगर वाईट नसतो. चार भिंतींत, फ्लॅश मॅन्युअलवर (जोर हाताने ठरवून) ठेवून पोर्ट्रेट काढणाऱ्याला तो वर्षानुवर्षं पुरतो. विकणाऱ्याने तो त्याच्या खऱ्या नावाने आणि खऱ्या किमतीला विकला असता तर माझी तक्रारच नव्हती.

आता ज्या गोष्टीने अजून चरफडायला होतं ती सांगतो. जाहिरातीतल्या तिसऱ्या फोटोत ट्रान्समीटरच्या कडेला चार बारीक पांढरे खटके दिसत होते. जुन्या ४३३ मेगाहर्ट्झच्या ट्रिगरवर चॅनेल बदलायला असतात तेच. चार खटक्यांच्या जुळण्या होतात सोळा. मग वर ‘३२ चॅनेल’ लिहिलंय ते बसणार कुठे? टीटीएलचे बरेच ट्रिगर चॅनेल आणि ग्रुप (फ्लॅशचे गट) स्क्रीनवर दाखवतात, त्यांना असले खटके लागत नाहीत. तो फोटो मी मोठा करून पाहिला होता. पण ऑनलाइन जाहिरातींत फोटो एका मॉडेलचा आणि वर्णन दुसऱ्याचं हे इतकं सर्रास चालतं की त्यावरून कुणी चोर ठरत नाही. किंमतही संशय यावा इतकी कमी नव्हती. कमी ठेवली असती तर मी लांबच राहिलो असतो, आणि हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं. मी विचारलं तेव्हा त्याने लगेच व्हिडिओ पाठवला: ट्रिगर कॅमेऱ्यावर, शटर दाबलं, समोरचा फ्लॅश लख्खकन उडाला. व्हिडिओ मागवून खात्री करणाऱ्याला निष्काळजी कोण म्हणेल?

फसवणुकीचं मर्म त्या व्हिडिओतच आहे. फ्लॅश उडाला म्हणजे ट्रिगर हायस्पीड सिंकचा, असं होत नाही. व्हिडिओ मागायचा तर उडणाऱ्या फ्लॅशचा नाही, काढलेल्या फोटोचा आणि त्याच्या शटर स्पीडचा मागा.

कॅमेऱ्याच्या शटरला दोन पडदे असतात. १/२०० किंवा १/२५० पर्यंत एक क्षण असा येतो की पूर्ण सेन्सर उघडा असतो, आणि फ्लॅश तेव्हा उडतो. त्याहून वेगात दुसरा पडदा पहिल्याच्या मागोमाग निघतो आणि सेन्सरवरून नुसती एक फट सरकते. हायस्पीड सिंकमध्ये ती फट पार होईपर्यंत फ्लॅश अतिशय वेगाने धडधडत राहतो. पण तसं कर, हे कॅमेऱ्याने फ्लॅशला सांगावं लागतं, आणि ते बोलणं हॉट शूच्या, म्हणजे कॅमेऱ्यावर फ्लॅश बसवायच्या खाचेच्या, बाकीच्या पिनांवरून चालतं. मधली पिन फक्त ‘उड’ एवढंच म्हणते.

माल आला त्या दिवशी विकणारा फोनवर मागे लागला: “सर, टेस्ट बटण दाबून बघा, फ्लॅश उडाला की पावती कन्फर्म करा.” फ्लॅश उडाला. मी कन्फर्म केलं. तोवर पैसे विक्री मंचाकडे अडकून होते, ते त्याक्षणी त्याच्या खात्यात गेले. कन्फर्म करायला घाई करणाऱ्याला सरळ सांगा, आधी फोटो काढतो, मग बघू.

बाहेर उन्हात, १/१००० वर, कॅमेरा उभा धरून पहिलं पोर्ट्रेट काढलं तेव्हा फ्रेमच्या एका कडेला फ्लॅशचा उभा पट्टा आणि चेहऱ्यावर तीच दुपारची काळी सावली. टीटीएलही खोटं निघालं. अॅपर्चर एफ/४ वरून एफ/११ वर नेलं की फोटो तेवढाच काळवंडायचा. टीटीएल चालू असतं तर फ्लॅशने जोर वाढवून उजेड सांभाळला असता.

विकणाऱ्याचं उत्तर तयारच होतं: “तुमच्या कॅमेऱ्याचा प्रॉब्लेम आहे.” या थापेला जोर येतो कारण असे कॅमेरे खरोखर आहेत. कॅननच्या २०० डी मार्क टूला हॉट शूची मधली पिनच नाही, त्यामुळे नुसत्या मधल्या पिनेवर चालणारा ट्रिगर तिथे मुळात उडतच नाही. माझ्या कॅमेऱ्याला पाचही पिना आहेत. तसा फोटो पाठवला. मग त्याने ६०० रुपये देऊ केले, अट एवढीच की तक्रार मागे घ्या आणि पाच तारे द्या.

विक्री मंचाने तर हद्द केली. मी पट्टा पडलेले फोटो पाठवले, शटर स्पीडची नोंद पाठवली, अंधाऱ्या खोलीतल्या पांढऱ्या भिंतीवर घेतलेली चाचणी पाठवली. उत्तर: “उत्पादन कार्यरत असल्याचे आपण स्वतः नोंदवले आहे.” बँकेत गेलो, तर व्यवहार तुम्हीच मंजूर केलात, ओटीपी तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार? पोलिसांत गेलो. माल मिळाला ना? चालू होतो ना? मग फसवणूक कसली, हा ग्राहकाचा वाद. ग्राहक तक्रारीच्या फोनवर सांगितलं, आधी मंचाकडून लेखी नकार आणा. मंच लेखी नकार देत नाही, ‘चौकशी बंद’ एवढाच संदेश पाठवतो. या टोलवाटोलवीत एकाही माणसाने तो पट्टा पडलेला फोटो उघडून पाहिला नाही! डबा रिकामा आला असता तर सगळ्यांना कळलं असतं. डब्यात काहीतरी आहे आणि ते चमकतं, एवढ्यावर सगळ्यांनी हात वर केले. चोराने नेमकी हीच जागा हेरली आहे, आणि ती त्याला उघडी ठेवली या लोकांनी.

सगळ्यांनी झिडकारल्यावर मी रिसीव्हरचं कव्हर उघडलं. वर पाच सोनेरी पिना. आत मधल्या पिनेला एक वायर, बाजूला बारीक अक्षरांत ४३३ छापलेला बोर्ड. उरलेल्या चार पिना प्लॅस्टिकमध्ये नुसत्या खोचलेल्या, मागच्या बाजूला गोंदाचे थेंब. कुठेही जोडलेल्या नाहीत.

बजेट कमी असेल तर या फंदात पडायची गरजच नाही. खोलीत पोर्ट्रेट काढायचं असेल तर फ्लॅशमधला ऑप्टिकल स्लेव्ह (दुसऱ्या फ्लॅशची चमक बघून उडायची सोय) फुकट आहे: कॅमेऱ्याचा पॉप-अप फ्लॅश मॅन्युअलवर अगदी कमी जोराला, दूरचा फ्लॅश एस१ मोडवर. पॉप-अप टीटीएलवरच चालत असेल तर एस२, नाहीतर प्रीफ्लॅशलाच (उजेड मोजायला आधी पडणारी चमक) तो उडून मोकळा होतो. उन्हात याचा भरवसा नाही. गोडॉक्स टीटी६०० किंवा योंगनुओ ५६० मार्क फोर घेतलात तर रेडिओ रिसीव्हर आतच असतो, जुळणारा एक ट्रान्समीटर पुरतो. त्यातला योंगनुओ हायस्पीड सिंक करत नाही, हे मात्र विसरू नका. आणि उन्हात अॅपर्चर उघडं ठेवायचं असेल तर तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड आठ पटीने कमी करणारी काळपट काच) १/१६०० चं काम १/२०० वर आणतो. फ्लॅशचा जोर घटतो, पण तो हायस्पीड सिंकमध्येही घटतोच.

तोच माणूस तेच फोटो वापरून आता दुसऱ्या नावाने विकतो आहे. मी कळवलं, जाहिरात अजून तिथेच आहे. ज्यांच्या गळ्यात असा संच मारला गेलाय त्यांनी कव्हर उघडायची घाई करू नका, उघडलं की वॉरंटी संपली म्हणून हाकलतात. आधी भिंतीवरची चाचणी १/१००० वर, मूळ फाइलसकट, पावती कन्फर्म करण्याआधी. विकणाऱ्याशी बोलणं फक्त चॅटवर. त्याने फोन केला तर उचलू नका.