सड्यावरची 12 एकर की वाडीतली 4? सामूहिक शेतवस्तीसाठी जमीन बघताना

चार-सहा कुटुंबांनी मिळून कोकणात नैसर्गिक शेतीवर जगायची वस्ती उभारायची ठरवली, की जमीन दाखवणारा माणूस बहुतेक वेळा दोनच प्रकार दाखवतो. एक सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या पठारावरचा सलग तुकडा. 12 एकर, भन्नाट वारा, लांब समुद्राची निळी रेघ आणि मालक एकच. दुसरा खालच्या वाडीत. इथे 20 गुंठे, तिथे 35, असं जोडत कशीबशी 4 एकर. सोबत एक बंद घर, पडका गोठा आणि सातबाऱ्यावर सतरा नावं.

पहिल्या फेरीत सगळेच सड्याच्या प्रेमात पडतात. मीही पडलो होतो. आज आम्ही तीन कुटुंबं वाडीत राहतो, हे सातवं वर्ष. माझा कल कुठे आहे ते उघडच आहे, तेव्हा तेवढं वजा करून वाचा.

पाणी

कोकणात वर्षाला 3000 मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये टँकर फिरतात. जांभा, म्हणजे इथला तांबडा दगड, चाळणीसारखा असतो, पाणी धरून ठेवत नाही. सड्यावर माती वीतभर, कुठे तेवढीही नाही. जुलैत सगळीकडे पाणी साचलेलं, गवतफुलांचे गालिचे, फोटो सुंदर येतात. दिवाळीनंतर तोच कातळ पायाला चटके देतो. बोअर मारून बघता येतं, पण तो जुगार आहे.

म्हणजे सड्यावर पाणी साठवावंच लागणार. त्याचा हिशेब कागदावर करा. 25 माणसं, दर माणशी काटकसरीने रोज 70 लिटर, फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून मध्य जूनपर्यंत 135 दिवस. झाले 2 लाख 36 हजार लिटर. सहा गुरांचे रोजी 60 लिटरप्रमाणे आणखी 48 हजार. भाजीचा एक वाफाही न भिजवता पावणेतीन लाखांच्या पुढे गेलो, शिवाय उन्हात उडून जाणारं पाणी वेगळं. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद, तीन मीटर खोल तळं कातळात फोडून, त्यात प्लास्टिकचा कागद अंथरून जेमतेम एवढीच सोय होते. भाजी करायची तर दुसरं तळं. हा खर्च जमिनीच्या किमतीत धरला, तर सड्याची 'स्वस्त' जमीन स्वस्त राहत नाही.

वाडी मुळात वसलीच पाण्याकडे बघून. वर डोंगर, खाली पऱ्या (ओढा), मध्ये विहीर. नोव्हेंबरात पऱ्याची धार बारीक होत आली की सिमेंटच्या रिकाम्या गोणींत माती भरून वनराई बंधारा घालायचा. आठ-दहा माणसांचं एका दिवसाचं काम, पण विहिरीचं पाणी त्यामुळे लांबतं. अडचण वेगळीच आहे: विहीर सामाईक असते, आणि पंप कुणी किती वेळ लावायचा हे कुठल्याही कागदावर नसतं. आमचं पहिलं भांडण त्यावरूनच झालं, आणि चूक आमची होती. आम्ही भर एप्रिलात मिरच्यांना पाणी सोडलं होतं, आणि शेजारच्या काकू घागर घेऊन उभ्या होत्या.

ताटात काय येणार

सड्यावर आंबा-काजू होतो, उत्तम होतो. कातळात खड्डे फोडून, बाहेरून माती आणून हापूस वाढवण्याची विद्या रत्नागिरी-देवगडकडे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. पण काजूचं कलम धरायला तीन-चार वर्षं, आंब्याला त्याहून जास्त, आणि दोन्ही विकायची पिकं. विकून आलेल्या पैशांनी तांदूळ आणायचा, तर याला बागायतदारी म्हणा, स्वयंपूर्ण गाव म्हणू नका. त्यात मोहोराच्या वेळचं एखादं ढगाळ हवामान किंवा मे 2021 मधल्या तौक्तेसारखं वादळ वर्षाचा हिशेब पुसून टाकतं.

वाडीत भाताचे कुणगे, म्हणजे बांधबंदिस्त लहान तुकडे मिळतात. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर कुळीथ, पावटा, कडवे वाल. वरकस, म्हणजे हलक्या जमिनीच्या उतारावर नाचणी, वरी. घरामागे आगर, म्हणजे नारळ-सुपारीची बाग करता आली तर फारच छान. गुहागर, केळशी, दिवेआगरला बघा: माड वर, त्याखाली पोफळ, पोफळीवर मिरवेल, खाली केळ, जायफळ, हळद. आज परदेशी नावं लावून शिकवतात ती मजल्यामजल्यांची शेती हीच. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राची 'लाखी बाग' हे तिचंच शास्त्रशुद्ध रूप. आधी ती बघून या.

मात्र वाडीतही हिशेब खोटा करू नका. माणशी वर्षाला 100 किलो तांदूळ धरला तर 25 जणांना 25 क्विंटल, म्हणजे साधारण 38 क्विंटल भात. रासायनिक खत न घालता आमच्या कुणग्यांत एकरी 9-10 क्विंटल येतं. म्हणजे 4 एकर नुसतं भातालाच लागलं. घर, गोठा, आगर कुठे करणार? आम्ही अर्धा तांदूळ पिकवतो, उरलेला शेजारच्या वाडीतून घेतो. तेल खोबऱ्याचं घरचं, आंबटाला कोकम घरचं. मीठ, गूळ, चहा विकतच. पूर्ण स्वयंपूर्णतेचा हट्ट असेल, तर दोन्ही जमिनी तुम्हाला निराश करतील.

जीवामृत आणि जुलै

नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांचं जीवामृत (शेणा-गोमूत्राचं आंबवलेलं द्रावण) तुम्हाला पाठ असेलच: 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो डाळीचं पीठ, मूठभर बांधावरची माती. एकराला एवढं. इथे त्यात दोन बदल करावे लागले. हरभरा इथला नाही, म्हणून कुळथाचं पीठ. आणि झडीच्या, म्हणजे संततधार पावसाच्या दिवसांत ते शेतात ओतणं म्हणजे पऱ्याला नैवेद्य. आम्ही उघडीप बघून आणि पावसाळ्यानंतर देतो. आच्छादनाचंही तसंच. आगरात आणि उन्हाळी भाजीत पालापाचोळ्याला तोड नाही, पण पावसाळी काकडी-पडवळाच्या आळ्यात जाड थर दिलात तर गोगलगायींचं संमेलन भरतं.

सगळ्यात मोठा वाद राबाचा. तरव्यासाठी (भाताच्या रोपांसाठी) कवळं, म्हणजे झाडांच्या फांद्या तोडून, शेण पसरून दाढ, म्हणजे रोपांची जागा भाजायची ही इथली पद्धत. भाजण्याने तण मरतं, हे शेतकरी उगीच सांगत नाही. नैसर्गिक शेतीवाले म्हणतात जाळू नका, तेही बरोबर, त्यात ऐनाच्या झाडांचे हाल होतात. आम्ही न भाजता तरवा करतो आणि बेणणीला (तण काढायला) दोन माणसं जास्त लावतो. वाडीत हे रोज नजरेसमोर असल्याने लोक हसतात, मग विचारतात, मग एखादा करून बघतो. सड्यावर हसायलाही कुणी नाही.

शेणासाठी गाय देशीच घ्या. कोकण कपिला लहान चणीची, उतारावर चरणारी, पावसाला न कंटाळणारी. दूध थोडं देते.

कागद

या एका बाबतीत सडा सरळ. एक मालक, एक खरेदीखत. तरी सातबाऱ्यावर 'इतर हक्क' बघा, खासगी वनाची नोंद नाही ना ते तपासा, आणि रस्ता नकाशावर आहे की नुसता वहिवाटीचा, हे विचारा. समुद्र किंवा खाडीजवळ असाल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम आधी. वाडीतल्या सतरा नावांपैकी चार मयत, त्यांची वारस नोंद नाही, एक आखातात. आम्हाला दोन वर्षं लागली.

दोन्हीकडे लागू: महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला खरेदीदार शेतकरी असावा लागतो, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. म्हणून गट काय करतात, तर ज्याच्याकडे शेतकरी दाखला आहे त्याच्या एकट्याच्या नावावर सगळी जमीन घेतात. पाच वर्षांनी तो किंवा त्याची मुलं मन बदलतात आणि वस्ती फुटते. सहकारी संस्था नोंदवायची तर वेगवेगळ्या कुटुंबांतली किमान 10 माणसं लागतात. तुम्ही सहाच कुटुंबं आहात. वकील आधी गाठा, जेसीबी नंतर.

माणसं

सड्याची बाजू घेणारे पुदुच्चेरीजवळच्या ऑरोविल या सामूहिक वस्तीचं उदाहरण देतात. 1968 मध्ये उजाड लाल माळावर सुरुवात केली आणि जंगल उभं केलं, खरं आहे. पण तिथे बांध घालून अडवायला खाली माती होती, जगभरातून माणसं आणि मदत आली, आणि दशकं गेली. तुमच्याकडे यातलं काय आहे?

सड्यावर मार्च-एप्रिलमध्ये वाळलेलं गवत पेटतं, तेव्हा हाक ऐकायला कुणी नसतं. वाडीत असतं, पण त्या बदल्यात तुम्ही वाडीचे होता. शिमग्याला पालखी दारात येते, वर्गणी द्यायची, देवळातल्या बैठकीला बसायचं, मानकऱ्यांचा मान ठेवायचा. 'आम्ही निसर्गासाठी आलोय' हे वाक्य इथे ऐकवू नका. वाडीतले लोक याच निसर्गातून मुंबईला मनीऑर्डरसाठी गेले होते. वानर आणि रानडुकरं दोन्हीकडे सारखीच. फरक एवढाच, की वाडीत राखणीची पाळी वाटून घेता येते.

कणकवलीला गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी 1948 मध्ये गोपुरी आश्रम उभा केला तो सोनखत (मैल्यापासूनचं खत) आणि संडासाच्या प्रश्नाला हात घालतच. शेतवस्तीच्या चर्चेत हा विषय सर्वांत शेवटी येतो. जांभ्यातून घाण झिरपत विहिरीत जाते, म्हणून संडास विहिरीपासून लांब, आणि उताराच्या खालच्या अंगाला. वाडीत जागा अपुरी, त्यामुळे हे आधी आखावं लागतं. सड्यावर जागा भरपूर, पण खड्डाच खणता येत नाही.

तेव्हा, तुमच्यातल्या निम्म्यांचं शहरातलं उत्पन्न दहा वर्षं चालू राहणार असेल, बाग हेच मुख्य काम असेल आणि तळ्याचा खर्च पेलत असेल, तर सडा घ्या. अख्खा नांगरू मात्र नका, निम्मा कातळ त्या गवतफुलांसाठी तसाच राहू द्या. कायमचं राहायचं असेल, सोबत लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील, तर वाडी.

बयाणा देण्याआधी मेच्या तिसऱ्या आठवड्यात एकदा या. दोराला दगड बांधून विहिरीत सोडा आणि दोर किती भिजला ते मोजा. आमच्या विहिरीत यंदा तो साडेतीन फूट भिजला होता.